वर्गणीच्या वहीतलं गाव

आमच्या गावच्या हॉलचं संग्रहालय करायचं ठरलं, त्या बैठकीत पहिला प्रश्न निघाला तो तलवारींचा. किती आणायच्या, कुठून आणायच्या, भिंतीवर कशा लावायच्या. मग शिवराज्याभिषेकाचं चित्र किती फुटी काढायचं, त्यावर अर्धा तास गेला. मग रंग. दोन तासांच्या बैठकीत खुद्द हॉलबद्दल कुणी काही बोललं नाही. घरी परतताना ते मनाला लागलं, आणि म्हणून हे लिहितो आहे.

बेळगावच्या पश्चिमेला, भाताच्या पट्ट्यात आमचं गाव आहे. मारुतीच्या देवळाला लागून चिऱ्याच्या भिंतींचा आठ खणांचा हॉल आहे. वर खानापूरकडची भाजकी कौलं, आत सागवानी खांब, एका टोकाला कमरेएवढं उंच स्टेज. कागदोपत्री त्याला काय नाव आहे ते कुणी घेत नाही, गाव त्याला नुसतं ‘हॉल’ म्हणतं. आजोबांच्या पिढीनं, स्वातंत्र्याच्या आधी, तो वर्गणी काढून बांधला. आता लग्नं रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात होतात, ग्रामपंचायतीला स्वतःची इमारत आहे, आणि नाटक बसवायला गावात पोरंच राहत नाहीत. हॉलला कुलूप लागलं होतं. त्याचं संग्रहालय व्हावं ही तरुणांची कल्पना मला पहिल्या दिवसापासून पटली आहे. ती पोरं स्वतःच्या खिशातले पैसे घालून धडपडतायत, त्यांच्याबद्दल माझ्या मनात कौतुकच आहे. भांडण आहे ते आत काय ठेवायचं यावर.

माझं म्हणणं एवढंच आहे: हॉलचं संग्रहालय करायचं तर त्यातली सगळ्यात मोठी वस्तू हॉलच असली पाहिजे. तो कुणी बांधला, कशासाठी बांधला, तिथं कोण जमलं, कशावरून भांडलं, कुणाला दाराबाहेर उभं राहावं लागलं, हे आधी मांडायचं. तलवारी नंतर.

शिवरायांबद्दल इथल्या माणसाला काय वाटतं ते सांगायची गरज नाही. राजहंसगड आमच्या डोळ्यांसमोर उभा आहे आणि दिवाळीत दारोदार मातीचे किल्ले होतात. पण बाजारातून आणलेली नवी तलवार भिंतीवर टांगली म्हणून गावाचा इतिहास सांगितल्यासारखं होत नाही. ती तलवार आमच्या गावात कधी नव्हती. तिला इथलं काही ठाऊक नाही.

ठाऊक आहे ते माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेला. लाल खारव्याच्या कापडात बांधलेलं एक बाड त्यात निघालं. वर्गणीची वही, कीर्द, आणि सभांचं प्रोसिडिंग बुक. वहीची सुरुवातीची पानं मोडीत आहेत, पुढची बालबोधीत. मोडी वाचणारं माणूस आता गावात उरलं नाही, शहरातून एका जाणकारांना गाठून वाचून घेतलं. नावापुढे रक्कम: चार आणे. आठ आणे. पुढे रक्कमच नाही, ‘भात एक पायली’. त्याच्या खाली ‘गाडी दोन दिवस’, म्हणजे त्या घरानं पैसे दिले नाहीत, चिरे वाहायला बैलगाडी दिली. एकानं सागाचं खोड दिलं आहे, आणि समोर दुसऱ्या शाईनं लिहिलं आहे, ‘पावते जाले’. ते खोड आजही हॉलच्या आठांपैकी कुठल्यातरी खांबात उभं आहे. प्रोसिडिंग बुकात सह्यांच्या ओळीत मोडी सही आहे, बालबोध सही आहे, अंगठे आहेत, आणि मधे चार-पाच ठिकाणी स्वच्छ, गोलसर कन्नड सही आहे. गावाच्या हॉलच्या पायाभरणीचा निर्णय ज्या पानावर झाला, त्याच पानावर.

ते पान मी बराच वेळ बघत बसलो होतो. माझ्या सबंध आयुष्यात हॉल म्हणजे मराठीपणाची जागा. 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची फेरी तिथून निघायची. 17 जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना वंदन करून मोठी माणसं तिथंच बोलायला उभी राहायची. 1956 साली त्याच 1 नोव्हेंबरला आमचा मुलूख म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, घातला गेला, ती जखम मी त्या हॉलमध्ये बसून शिकलो. सीमावादासाठी नेमलेला महाजन आयोग काय म्हणाला, 2004 साली सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राचा दावा कसा दाखल झाला, हे सगळं. ते खोटं नव्हतं, आणि संग्रहालयात त्याला मानाची जागा हवी. पण त्या पानावरची कन्नड सहीसुद्धा खोटी नाही. कुणा देसायाकडे चाकरीला आलेलं घर असेल, व्यापारी असेल, शाळामास्तर असेल. हॉल बांधायच्या वेळी तो माणूस चटईवर आपल्या आजोबांच्या शेजारी बसला होता.

बेळगावचा इतिहास असाच आहे, आणि तो सरळ सांगायला आपण कचरतो. डिसेंबर 1924 मध्ये टिळकवाडीच्या बाजूला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष होते ते हेच. गंगाधरराव देशपांड्यांनी ते उभं केलं. जागेला विजयनगर नाव दिलं, पाण्यासाठी विहीर खणली, ती अजून काँग्रेस विहीर म्हणून आहे. त्या मांडवात कवी हुइलगोळ नारायणरावांचं कन्नड नाडाचं, म्हणजे कन्नड मुलखाचं, गीत गायलं गेलं, आणि अकरा-बारा वर्षांची गंगूबाई हनगल तिथं स्वागतगीतात गायली. कर्नाटक एकीकरणाला बळ मिळालं ते तिथं. आणि याच बेळगावात मे 1946 मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. मधे बावीस वर्षंही गेली नव्हती. दोन भाषांची दोन मोठी स्वप्नं एकाच शहराच्या मांडवांत बोलून दाखवली गेली. मला वाटतं, असा मान फार थोड्या गावांना मिळाला असेल. आज कन्नड माणसाला 1946 सांगावं लागतं आणि मराठी माणसाला 1924 मधलं ते गाणं सांगावं लागतं, कारण एकत्र सांगणारी भिंत आपण कुठं उभीच केली नाही.

नाटकाचंही तेच. मराठी संगीत रंगभूमीचा पाया 1880 मध्ये ज्यांनी घातला, ते अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. चारी बाजूंनी कन्नड बोलणारा मुलूख. गोकाककडे श्रीकृष्ण पारिजात या कन्नड लोकनाट्याचे खेळ रात्ररात्र चालायचे, कौजलगीच्या निंगम्मांचं नाव म्हाताऱ्यांच्या तोंडात अजून आहे. आमच्या हॉलच्या स्टेजमागे तीन रंगीत पडदे गुंडाळून पडले आहेत: रस्त्याचा, महालाचा आणि जंगलाचा. महालाच्या पडद्याला उंदरांनी खालून एक हात कुरतडलं आहे. वडील सांगायचे, त्या पडद्यापुढं मराठी नाटकं व्हायची आणि पाहुण्या मंडळींचा पारिजातही व्हायचा. पडदा एकच. गॅसबत्ती एकच. ते पडदे फेकून द्यायच्या ढिगात होते, ते मी उचलून घरी आणले आहेत, आणि कमिटीला सांगूनच आणले आहेत.

आता पाट्यांचा प्रश्न. बैठकीत खरा आवाज चढला तो इथं. वस्तूखालची माहिती मराठीत लिहायची यात दुमत नव्हतंच. मी म्हणालो, शेजारी कन्नडही लिहू. एक ज्येष्ठ उठून म्हणाले, “सगळीकडं तेच हाय की गा. आमची म्हणून एक जागा ऱ्हायली, तिथंबी कन्नड?”

त्यांचं दुःख मला परकं नाही. माझ्या आईला शेताबद्दलची एक नोटीस आली होती, सगळी कन्नडमध्ये. ती घेऊन ती चार दारं फिरली आणि मुदत संपल्यावर तिला कळलं की ती कशाबद्दल होती. तो कागद मी विसरू शकत नाही. ज्या भागात पंधरा टक्क्यांच्या वर लोक एखादी भाषा बोलतात, तिथं सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांना दिलेलं वचन आहे. ते पाळलं जात नाही म्हणून आपण वर्षानुवर्षं मोर्चे काढतो, आणि काढलेच पाहिजेत. 2024 मध्ये दुकानं, उद्योग, ट्रस्ट, इस्पितळं अशांच्या नामफलकावर साठ टक्के कन्नड असावी असा कायदा झाला. दारावरची पाटी काय मापाची, हे आता आपल्या हातात फारसं उरलेलं नाही. मग दाराच्या आत काय लिहायचं, हे तरी आपण रागातून ठरवू नये.

भारताच्या घटनेचं 29वं कलम म्हणतं की ज्या लोकांची स्वतःची भाषा, लिपी, संस्कृती आहे त्यांना ती जतन करायचा हक्क आहे. आमचं संग्रहालय उभं आहे ते या हक्कावर. मोडी वही काचेत ठेवणं, तिचं बालबोध वाचन शेजारी लावणं, आमची गाणी, ओव्या, आमच्या लढ्याची पत्रकं सांभाळणं, हे सगळं त्यात येतं, आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागायची गरज नाही. पण कन्नडमध्ये लिहिल्यानं यातलं काय कमी होतं? आमच्या नातवंडांच्या शाळेत कन्नड आहे. शेजारच्या गावची कन्नड शाळेची सहल आली तर त्या मुलांना आमच्या सीमालढ्याबद्दल आमच्याच शब्दांत वाचायला मिळावं, असं मला मनापासून वाटतं. आजवर त्यांनी तो फक्त वर्तमानपत्रातल्या दगडफेकीच्या बातमीतून वाचला आहे. आणि आपल्या चार भिंतींत आपण दोन्ही भाषा लिहिल्या, तर सरकारी संग्रहालयात, सरकारी कचेरीत मराठी मागताना आपला आवाज कापणार नाही.

आणखी एक गोष्ट, तीही भाषेचीच. आमच्या पोरांना वेशीबाहेर एक वीरगळ दिसला. लढणारा वीर, वर अप्सरा, त्याच्या वर शिवलिंग, आणि बाजूला झिजलेल्या दोन ओळी. त्यांनी तो ट्रॅक्टरला बांधून हॉलमध्ये आणायचा बेत केला होता. हेतू चांगला. मी हात जोडून थांबवलं. वीरगळ ज्या जागी रोवला जातो, ती जागाच त्याची अर्धी गोष्ट असते: तिथं गुरं सोडवताना कुणी पडला असेल, वेस राखताना पडला असेल. हॉलच्या कोपऱ्यात उभा केला की तो नुसता कोरलेला दगड होतो. शिवाय शंभर वर्षांहून जुन्या दगडी मूर्ती-शिल्पांच्या नोंदणीबद्दल 1972 चा कायदा आहे, उचलून आणून ठेवलं असं चालत नाही. दगड हलले की काय होतं ते बेळगावनं पाहिलं आहे. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, रट्ट राजांच्या काळातली, 1204 ची. तिच्या दानाची हकीगत सांगणारे बेळगावचे शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बस्ती इथं, तिचा कागद तिकडं. तर वीरगळ जागेवरच राहू दे. त्याचा फोटो, जागेचा नकाशा आणि त्या दोन ओळींचं वाचन हॉलमध्ये लावू. आणि त्या ओळी जुन्या कन्नडमध्ये आहेत, असं ते बघणाऱ्या जाणकारांचं मत पडलं. म्हणजे आमच्या वेशीवर मेलेल्या वीराचं नाव कळायलाही आम्हाला ती भाषा लागणार आहे.

इमारतीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती चूक एकदा झाली की परत फिरत नाही. चिऱ्याच्या, चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारू नका. भिंत पावसाळ्यात ओल ओढते आणि उन्हाळ्यात सोडते, वर सिमेंट आलं की ती ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत गिलावा फुगून पडतो, चिऱ्याचा थर घेऊन. खांबांना ऑइलपेंट नको. कौलं काढून पत्रा नको. वहीच्या पानांना लॅमिनेशन तर अजिबात नको. दुकानदार सांगेल टिकतं म्हणून, पण कागद आतल्या आत पिवळा पडून संपतो आणि प्लॅस्टिक काही निघत नाही. सुती कापडात बांधून, उन्हापासून आणि भिंतीपासून दूर, वाळवीची दर महिन्याला पाहणी करून ठेवायचं. एवढं केलं तरी पुष्कळ. शहरात रिसालदार गल्लीत भाटे वकिलांच्या ज्या घरी ऑक्टोबर 1892 मध्ये विवेकानंद राहिले, ते घर स्मारक म्हणून राखलं आहे. तिथं एका थोर पाहुण्यामुळे घराला मोल आलं. आमच्या हॉलमध्ये तसा कुणी राहिलेला नाही. तिथं सगळं गाव येऊन गेलं, हेच त्याचं मोल. म्हणून माझा आणखी एक हट्ट आहे: एकादशीचं भजन तिथंच व्हावं, वाचनाचा तास तिथंच व्हावा. कडोलीपासून उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदीपर्यंत आपल्या खेड्यांनी साहित्य संमेलनं भरवून दाखवली, मांडव घालून, घरोघरी पाहुण्यांची जेवणं करून. ज्या भागाला माणसं जमवायची एवढी सवय आहे, तिथं हॉलमध्ये दोरी बांधून ‘हात लावू नये’ लिहिलं तर हॉल मेलाच समजा. काचेची कपाटं भिंतीला लावा. मधली जागा चटईसाठी मोकळी ठेवा.

आता जे सांगायला मला सगळ्यात जड जातं ते.

वर्गणीच्या वहीत सगळं गाव नाही. मी दोनदा तपासलं. एका वस्तीचं एकही नाव तिच्यात नाही. 1925 साली निपाणीत डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद भरली होती, आमच्या गावापासून ते अंतर काही फार नाही. पण आमच्या हॉलची वही त्यानंतरची असूनही तिला ती वस्ती दिसली नाही. बायकांची नावंही नाहीत, एका विधवेचं सोडून, तेही ‘अमुकची बायको’ म्हणून. गौरवाचं संग्रहालय करायचं म्हणून हे झाकायचं का? बैठकीत एकानं सुचवलं, वहीचं फक्त पहिलं पान उघडं ठेवू. मला ते मान्य नाही. वही पूर्ण वाचून, तिची सगळी नावं भिंतीवर लावा, आणि जी नावं नाहीत त्यांच्यासाठी शेजारी जागा ठेवा. विचारत फिरलं तर ती नावं अजून मिळतात. पुढच्या दहा वर्षांत मिळणार नाहीत.

मी विचारत फिरलो. त्या वस्तीतल्या एका आजीकडे गेलो, वय ऐंशीच्या पुढे. वहीचा फोटो मोबाइलवर मोठा करून दाखवला. त्यांनी विचारलं, “आमचं कोण हाय काय बघ त्यात.” मी नाही म्हणालो. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “कसं असंल? आमी पैशे न्हाई दिलो. आमची सासू डोक्यावरनं चिरं वाहिली त्याच्या भिंतीला. खाणीपास्नं हॉलपतुर. आणि भिंत उभी ऱ्हायल्यावर दारातनंच बघून आली.”

उठून त्या आत गेल्या आणि फळीवरून एक चुंबळ घेऊन आल्या. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची, घट्ट वळलेली, मधे दबून चपटी झालेली, कडेला अजून हिरवा रंग दिसणारी. सासूची आहे म्हणाल्या. चिरे वाहतानाचीच का, ते त्यांना सांगता येईना, पण सासूनं ती मरेपर्यंत टाकली नव्हती. मी म्हणालो, हॉलमध्ये ठेवायला द्याल का? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “आत?”

आत, म्हणालो. देणाऱ्याच्या रकान्यात त्यांचं नाव लिहायला घेतलं तर त्यांनी माझा हात धरला. माझं नको, म्हणाल्या, तिचं लिव.

संग्रहालयाच्या नोंदवहीत पहिला आकडा अजून कुणाला दिलेला नाही. पुढच्या रविवारी बैठक आहे. तलवारींच्या आधी ही चुंबळ क्रमांक एकला लिहावी, तिच्याखालची माहिती मराठीत आणि कन्नडमध्ये असावी, आणि त्या दिवशी आजींनी हॉलच्या मधल्या चटईवर बसावं, असा ठराव मी लिहून ठेवला आहे. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची जागा रिकामी आहे.